उजव्या दाराची पायरी

मी, सिग्ब्रिट हुल्टेग्रेन, अविवाहित, राहणार हुल्टोसा, ट्रक कारखान्याच्या फाटकासमोरचं पिवळं घर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून, कोणाच्याही धाकदपटशाला किंवा लाडीगोडीला बळी न पडता लिहून ठेवते. लाडीगोडी हा शब्द मी मुद्दाम घातला आहे. धाक दाखवायला माझ्याकडे कोणी येत नाही, फुलं घेऊन मात्र येतात.

माझी बुद्धी शाबूत आहे. तसा दाखला डॉक्टरने दिला आहे. डॉक्टर कोवळा पोरगा, पहिल्याच भेटीत मला 'तू' म्हणाला. हल्ली देशभर हीच चाल आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याने आज वार कोणता, पंतप्रधान कोण असं विचारायला सुरुवात केली तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. म्हातारीला काही कळत नाही असं लिहून मिळावं अशी कोणाची इच्छा आहे? मी वार सांगितला, पंतप्रधान सांगितला, आणि त्याच्या कोटाचं बटण तुटलंय तेही सांगितलं. दाखला सोबत जोडला आहे.

वकिलाकडून लिहून का घेत नाही, असं माझी स्वयंपाकीण टेक्ला विचारते. कारण गावातला एकुलता एक वकील माझी भाची योरेल इथे आली की तिच्या नवऱ्याबरोबर टेनिस खेळतो.

कलम १. यापूर्वी मी लिहिलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. ते भिंतीवरच्या घड्याळात ठेवलं होतं. घड्याळ कोणीतरी हलवलं आहे. टेक्ला म्हणते धूळ पुसताना हललं. असेल.

कलम २. माझं राहतं घर माझ्या पश्चात नगरपालिकेला द्यावं आणि तिथे गावच्या नर्सने राहावं. माझ्या भावाची मुलगी योरेल हिला घरातले पडदे द्यावेत. स्टॉकहोमहून इथे आली की ती खिडक्यांकडे बघत बसते, आणि गेल्या ईस्टरला तर तिने पर्समधून टेप काढून बैठकीची खिडकी मोजली. मी समोर खुर्चीत बसलेली होते, जिवंत.

"काय गं, काय मोजतेस?" मी विचारलं.

"काही नाही, आत्या. उजेड किती येतो ते बघत होते," ती म्हणाली.

उजेड टेपने मोजतात हे मला ठाऊक नव्हतं. पडदे तिलाच द्यावेत, धुऊन द्यावेत.

कलम ३. टेक्ला रोस्लुंड हिला माझी तांब्याची कॉफीची किटली द्यायची होती. पण आपल्या कायद्याप्रमाणे ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही. मी तिला विचारलं, किटली हवी की साक्ष? ती फटकन म्हणाली, "साक्ष. तुमची किटली गळते, बाई." इतक्या वर्षांत ती गळते हे मला एकदाही सांगितलं नाही. असो. टेक्लाला काही मिळणार नाही.

कलम ४. ~~मायरोस नावाची माझी जुनी लॉरी, जी एव्हाल्ड स्टेनमो याच्या गोठ्यात उभी आहे, ती एव्हाल्डलाच द्यावी.~~ (हे कलम खोडलं आहे. का ते शेवटी येईल. सि. हु.)

मायरोस हे खरं गायीचं नाव, पण या कारखान्याची सुरुवात याच लॉरीपासून आहे. माझा थोरला भाऊ आल्बिन लोहार होता. गावकऱ्यांच्या गाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा ठोकायचा. मी घोडागाडीवरून दूध गोळा करायची. आमच्या भागात प्रत्येक वाडीच्या वाटेवर, रस्त्याच्या कडेला, दुधाचा एक लाकडी ओटा असायचा. शेतकरी सकाळी त्यावर भरलेले कॅन ठेवायचे, आपण ते उचलून डेअरीत न्यायचे आणि रिकामे परत ठेवायचे. त्याच ओट्यावर गावभरच्या बातम्याही ठेवलेल्या असायच्या. घोडा म्हातारा झाला तेव्हा मी आल्बिनला म्हटलं, मला मोटार बांधून दे. त्याने कुठल्यातरी मोडक्या बसचं इंजिन आणलं आणि बांधली, तीच मायरोस. पहिल्या दिवशी चढायला गेले तर पायरी माझ्या गुडघ्याच्या वर. मी घागरा घालत होते. मी म्हटलं, "आल्बिन, पायरी खाली घे."

"अगं, दणकट गाडी उंचच असते," तो म्हणाला.

"मग तूच चालव."

तो चालवणार नव्हता. आल्बिनला आयुष्यभर गाडी चालवता आली नाही. पायरी खाली आली. शेजारच्या गावच्या दूधवाल्याने ती बघितली, त्याला तशीच गाडी हवी झाली. मग त्याच्या शेजारच्याला. असं करत कारखाना झाला. युद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा आम्ही लाकडाच्या धुरावर चालणाऱ्या गाड्या केल्या, चालक बिचारे काजळीने काळे व्हायचे पण गाड्या पळायच्या. मग नॉर्वेने मागवल्या, डेन्मार्कने मागवल्या, फिनलंडहून आणि युगोस्लाव्हियाहून माणसं कामाला आली, शाळा वाढली, चर्चमध्ये जागा पुरेना. आज फाटकापाशी आल्बिनचा ब्रॉन्झचा पुतळा आहे. एक हात ट्रकच्या बॉनेटवर, नजर दूर. पायरीचा उल्लेख कुठे नाही.

कलम ५. पुतळा तसाच राहू द्यावा, तो माझा भाऊ होता आणि मला तो फार आवडायचा. मात्र पुतळ्यासमोर दुधाचा एक ओटा बांधावा, खऱ्या लाकडाचा, आणि पुतळ्याकडे बघून ज्यांना कंटाळा येईल त्यांनी तिथे बसावं.

कलम ६. आता मुद्द्याचं. आल्बिनने कंपनी काढली तेव्हा मला संस्थापकाचे शेअर दिले. एकेका शेअरला दहा मतं असतात ते हे शेअर. तो म्हणायचा, "मालकी माझी, बोलणं तुझं." आल्बिन गेल्यावर त्याचे शेअर रुटगेर आणि योरेल या त्याच्या दोन मुलांत सारखे वाटले गेले. त्यामुळे ही भावंडं एकमेकांविरुद्ध गेली की कारखान्याचं काय होणार हे माझ्या मतांवर ठरतं. मी मेले की ती मतं कोणाकडे जातात यावर ठरेल की हुल्टोसात ट्रक बनत राहतील, की खाली दक्षिणेकडच्या जर्मन लोकांच्या एका बड्या कंपनीला सगळं विकलं जाईल. ती कंपनी नाव विकत घेईल, यंत्रं उचलून नेईल आणि फाटकाला कुलूप लावेल. शेजारच्या जिल्ह्यातल्या बसच्या कारखान्याचं असंच झालं. तिथे आता रस्त्याच्या कडेला गवत असतं.

माझा संशय रुटगेरवर आहे. तो कंपनीचा संचालक. अबोल माणूस, तोंडातून शब्द काढताना जणू दात काढतो. संशयाची कारणं लिहून ठेवते, म्हणजे मागून कोणी म्हणू नये की म्हातारीच्या मनात आलं.

एक, तो जर्मन शिकतोय. त्याच्या घराच्या खिडकीखालून जाताना मी ग्रामोफोनवर ऐकलं. दोन, नव्या ट्रकचं नाक त्याने कापलं आहे. आमच्या गाड्यांना नेहमी पुढे लांब बॉनेट, आपल्या जंगलातल्या रस्त्यांना तेच बरं. नव्या गाडीचं तोंड सपाट, जसं तिकडच्या लोकांचं असतं. माल गिऱ्हाइकाच्या मापाचा शिवतात, तर गिऱ्हाईक कोण? तीन, वसंतात तो एका गृहस्थाला माझ्याकडे कॉफीला घेऊन आला. "ओळखीचे आहेत," एवढंच म्हणाला. गृहस्थ आपली भाषा स्वच्छ बोलत होता, बूट दारात काढले, कॉफीचं कौतुक केलं. मी फसलेच असते. पण ताटलीत दालचिनीचा एकच पाव उरला.

माझ्या टेबलाशी शेवटचा पाव कोणी उचलत नाही. कोणाच्याच टेबलाशी उचलत नाही. आपण तो अर्धा कापतो, दुसरा उरलेल्याचा अर्धा कापतो, असं करत शेवटी पोस्टाच्या तिकिटाएवढा तुकडा उरतो आणि तो टेक्ला ताटलीसकट आत नेते. या गृहस्थाने हात पुढे केला, पाव उचलला आणि अख्खा खाल्ला. बोटंही चाटली. टेक्ला दारात थिजली. मी रुटगेरकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

तेव्हाच मला कळलं, हा आपला नव्हे. हा घ्यायला आलेला माणूस आहे.

चार. हे जुनं आहे, पण मी विसरलेले नाही. सदुसष्ट साली सरकारने एका पहाटे अख्खा देश रस्त्याच्या डाव्या बाजूवरून उजव्या बाजूला नेला. शहरांत बँड वाजले. दूधगाडीवाल्यांचा विचार कोणी केला नाही. आधी स्टिअरिंगही डावीकडे आणि रस्त्याची बाजूही डावी, म्हणजे दार उघडलं की पाय थेट ओट्यापाशी. आता स्टिअरिंग डावीकडेच राहिलं, गाडी गेली उजवीकडे, आणि चालक उतरायचा तो भर रस्त्यात. त्याच हिवाळ्यात आमच्या दूधगाडीचा चालक नील्स याला मागून येणाऱ्या मोटारीने उडवलं, तो जागीच गेला. तो दार लावत होता. मी कंपनीच्या बैठकीत उभी राहिले आणि सांगितलं, केबिनच्या मधोमध इंजिनचा उंचवटा येतो तो काढा, जमीन सपाट करा, चालकाला आतून चालत जाऊन उजव्या दाराने उतरता यायला हवं, आणि तिथे खाली पायरी हवी. योरेल हसली. रुटगेरने मान वर केली आणि म्हणाला, "मग इंजिन कुठे ठेवू?"

सगळे हसले. मी खाली बसले. त्यानंतर मी त्याच्याशी हवापाण्यापलीकडे बोललेले नाही.

~~सबब माझी सर्व मतं रुटगेर सोडून अन्य कोणालाही जावीत आणि त्याला एकही मत मिळू नये.~~ (खोडलं. सि. हु.)

कलम ७. वरचं मी गुरुवारी लिहिलं. शनिवारी सकाळी रुटगेर दारात. टोपी हातात.

"आत्या, नवी गाडी फिरवायची आहे. चल."

आमच्या घरात रीत आहे. नवीन मॉडेलची पहिली गाडी विकण्याआधी घरच्या माणसांनी जुन्या दूधवाटेवरून फिरवायची. प्रत्येक ओट्यापाशी थांबायचं आणि शेवटी एव्हाल्डकडे कॉफी घ्यायची. ओट्यांवर आता कॅन नसतात. टँकर थेट गोठ्यात जातात आणि ओटे कुजत चालले आहेत. तरी आम्ही थांबतो. मी जायचं ठरवलं. शत्रूच्या गाडीत बसून बघावं काय ते, असा विचार होता.

मला चढवायला तो उजव्या दाराशी घेऊन गेला. मी रागात होते, पायाकडे लक्ष दिलं नाही. बसल्यावर लक्षात आलं की मला कोणी उचललं नव्हतं.

पहिल्या ओट्यापाशी तो थांबला. मी वाट बघत बसले की आता हा रस्त्यात उतरणार आणि पुढून वळसा घालून येणार. तो उठला. उभाच राहिला, केबिनमध्ये, अख्खा. माझ्यासमोरून दोन पावलं चालला, उजवं दार उघडलं, खाली एक पाऊल टाकलं आणि ओट्यापाशी जाऊन उभा राहिला. मग माझ्यापुढे हात केला.

मी उतरले. पायरी माझ्या नडगीच्या निम्म्यावर होती.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे लिहायला मला लाज वाटत नाही. पण मी काही कालची मुलगी नाही. मी तिथेच विचारलं, "हे माझ्या मतांसाठी केलंस का?"

"कसली मतं?" तो म्हणाला.

"सोंग करू नकोस. इंजिन कुठे गेलं?"

"सीटच्या मागे, खाली. फार वेळ लागला." मग म्हणाला, "मी तुला तेव्हा विचारलं होतं, कुठे ठेवू. तू उत्तरच दिलं नाहीस. बोलणंच सोडलंस."

"सगळे हसले होते."

"मी नव्हतो हसलो, आत्या."

हे खरं आहे. मी आठवून बघितलं. तो हसला नव्हता.

पण तेवढ्यावर मी विरघळणार नव्हते. एव्हाल्डच्या घरी पोचलो. एव्हाल्ड माझ्याबरोबर शाळेत होता, त्याला खोटं बोलता येत नाही कारण त्याचे कान लाल होतात. रुटगेर गाडीपाशी होता तोवर मी एव्हाल्डला गोठ्याआड घेतलं.

"खरं सांग. हा कधीपासून यामागे लागलाय?"

"अगं, कधीचा! नील्सला पुरलं त्या वसंतात आला होता. ओट्याची उंची मोजली, मला कॅन उचलायला लावला, उतरताना पाय कुठे पडतो ते खडूने आखलं. माझी पाठ धरली त्या दिवशी."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे? त्याचं नाव काढलं की तू विषय बदलायचीस."

त्याचे कान पांढरे होते. मी परत आले आणि रुटगेरला त्या शेवटचा पाव खाणाऱ्या गृहस्थाबद्दल विचारलं.

"तो कंपनी विकत घ्यायला आला होता," तो म्हणाला. लपवाछपवी नाही, काही नाही. "योरेलने बोलावलं होतं. तिला तो थेट संचालक मंडळापुढे न्यायचा होता. मी म्हटलं, आधी आत्याकडे कॉफी."

"आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, रुटगेर मला पढवतोय."

म्हणाले असते. शंभर वेळा म्हणाले असते.

"मग गाडीचं नाक का कापलंस? जर्मन कशाला शिकतोस?"

इथे तो एका दमात जेवढं बोलला तेवढं मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. तिकडचा कायदा गाडीची लांबी नाकापासून मोजतो. नाक लांब असलं तर मालाची जागा तेवढी कमी होते, म्हणून लांब नाकाची गाडी तिकडे कोणी घेत नाही. आणि ही खालची पायरी, आतून जायची वाट, ती तिकडच्या मोठ्या शहरांच्या कचरागाडीवाल्यांना हवी आहे. ती माणसं दिवसभर चढतात आणि उतरतात, अगदी दूधवाल्यांसारखी. दोन शहरांनी मागणी नोंदवली आहे, तिसरं बोलतंय. नवी शेड लागणार आहे.

"मला तिथे गाड्या विकायच्यात, आत्या," तो म्हणाला. "कारखाना नाही."

एव्हाल्डने कॉफी ओतली. मी कप पुढे केला. घरी येईपर्यंत मी बोलले नाही, आणि तोही. तसं आमचं दोघांचं चांगलं जमतं हे मला त्या दिवशी कळलं.

कलम ८. सबब, माझे संस्थापकाचे सर्व शेअर त्यांच्या मतांसह रुटगेर आल्बिन हुल्टेग्रेन यास द्यावेत. अट एकच. त्याने कारखाना विकला किंवा हुल्टोसाबाहेर हलवला, तर त्या दिवशी ती सर्व मतं योरेलला जातील, कारण मग दोघांत काही फरक उरणार नाही. ही अट मी त्याच्यावर विश्वास नाही म्हणून घातलेली नाही. मी कोणावरच तेवढा विश्वास ठेवत नाही, आणि त्याने हे अंगाला लावून घेऊ नये.

वर न लिहिलेलं जे काही उरेल तेही रुटगेरला. चालवायचे माझे कातडी हातमोजे माझ्याबरोबर पुरावेत. मला चर्चपर्यंत मायरोसमधून न्यावं. ती सुरू होत नसेल तर ढकलावं, गावात माणसं पुष्कळ आहेत.

कलम ९. हे कलम मी साक्षीदारांना समोर बसवून लिहिते आहे. एव्हाल्ड कुरकुरतोय की कॉफी गार झाली.

आज सही करायची होती. साक्षीदार म्हणून टेक्ला आणि पोस्टमास्तर फोल्के असं ठरलं होतं. पण एल्क हरणांच्या शिकारीचा आठवडा लागला आणि फोल्के बंदूक घेऊन जंगलात गेला. तोच काय, अख्खं गाव गेलं, कारखानासुद्धा बंद. शिकारीच्या आठवड्यात कोणी मरू नये आणि मृत्युपत्रही करू नये. पण मला थांबायचं नव्हतं. योरेल रविवारी येणार आहे, फुलं घेऊन.

गावात सापडला तो फक्त एव्हाल्ड, त्याची पाठ दुखते म्हणून. पण एव्हाल्डला मायरोस मिळणार, म्हणजे तो साक्षीला चालत नाही. आम्ही तिघं कागदाकडे बघत बसलो होतो, इतक्यात मागच्या दाराने रुटगेर आला. शिकारीहून, माझ्या वाट्याचं मांस घेऊन. बूट त्याने काढले, टोपी काढायची राहिली. टेबलावरचा कागद त्याला दिसला. मी तो उलटा केला.

"मृत्युपत्र आहे," टेक्ला म्हणाली. तिला कोणी विचारलं नव्हतं. "साक्षीदार मिळेना."

रुटगेरने मांस बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "मी करतो ना सही. मला काही मिळायचं नाही, म्हणजे मी चालतो."

हे तो रागाने म्हणाला नाही. कुरकुरत म्हणाला नाही. पेनसाठी हात पुढे केला. भाचा साक्षीला चालतो, त्याने कुठेतरी वाचलं असणार. इतकी वर्षं तो असंच धरून चालला होता की आत्याकडून आपल्याला काही नाही, आणि तरी तो ती पायरी करत बसला.

मी पेन मागे घेतलं. म्हटलं, "तू चालत नाहीस."

"का?"

"चालत नाहीस म्हणून."

"पण कायदा तर म्हणतो की भाचा..." तो बोलायला लागला आणि थांबला. माझ्याकडे बघितलं. उलट्या कागदाकडे बघितलं. टेक्लाने ॲप्रनच्या टोकाशी चाळा सुरू केला. एव्हाल्डला हसू आवरेना.

"अरे बाबा," एव्हाल्ड म्हणाला, "कायद्याने कोण चालत नाही ते आठव की!"

रुटगेर खुर्चीत बसला. टोपी डोक्यावर तशीच. मग त्याचा हात आपोआप पुढे गेला, ताटलीत राहिलेला शेवटचा पाव त्याने उचलला आणि अख्खा खाल्ला. त्याला पत्ताही नव्हता. टेक्लाने माझ्याकडे बघितलं. मी तिला डोळ्यांनी गप्प केलं.

एव्हाल्ड म्हणाला, "आण ते पेन इकडे. मला नको तुझी लॉरी. माझ्याच गोठ्यात आहे, कोण न्यायला येतंय ते बघतो मी." म्हणून कलम ४ खोडलं. मायरोस आता कायद्याने रुटगेरची होईल. त्याने ती एव्हाल्डच्या गोठ्यातून हलवू नये, फक्त माझ्या कामासाठी एक दिवस न्यावी.

वरील सर्व मी पूर्ण शुद्धीत लिहिलं आहे. खोडाखोड माझीच आहे. पुन्हा संशय आला तर नवं लिहीन, तोवर हेच खरं.

सिग्ब्रिट हुल्टेग्रेन
हुल्टोसा, १६ ऑक्टोबर १९७४

वरील बाईंनी आम्हा दोघांच्या समक्ष, एकाच वेळी, स्वखुशीने सही केली. आम्हाला या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही. त्यांची बुद्धी शाबूत आहे, स्वभावही.

साक्षीदार:
टेक्ला रोस्लुंड, स्वयंपाकीण
एव्हाल्ड स्टेनमो, शेतकरी (शेवटचा ओटा)